वेल कापण्याआधी ग्रामसभेला विचारा



मागच्या महिन्यात आमच्या गावात बैठक झाली. गोटुलासमोर सगळे बसले होते. विषय होता जंगलातल्या कामाचा. लवकरच आमच्या हद्दीतल्या जंगलात वेल तोडणीचं काम निघणार, वीस-पंचवीस लोकांना रोजी मिळणार, असं कळलं होतं. पोरं खूश झाली. तेंदूचा हंगाम अजून दूर, धान निघून गेलं, हातात पैसा नाही. कोण कोण जाणार त्याची नावं सांगणं सुरू झालं. तेवढ्यात मागे बसलेली एक बुढी माय उठली आणि म्हणाली, "कोनता येल कापनार हाव?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. कामाचा निरोप घेऊन आलेला गडी म्हणाला, "सगळेच. झाडावर चढलेले सगळे." बुढी म्हणाली, "मंग माहुल पन?" तो म्हणाला, "हो, माहुल तं पहिले."

बुढी काही बोलली नाही, खाली बसली. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या बुलेटिनात बांबूवर लिहिलं जातं, तेंदूवर लिहिलं जातं, पट्ट्यांवर तर दर अंकात असतं, आणि ते बरोबरच आहे. पण वेलीवर कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितो. मी बारावी शिकलेला कार्यकर्ता आहे, झाडाझुडपांचा तज्ज्ञ नाही. जे पाहिलं, जे केलं आणि कायद्यात जे वाचलं तेवढंच लिहितो.

माहुल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण आपल्या डोक्यात असलेली गोष्ट कागदावर नसली की सरकारदरबारी ती नसतेच. माहुल ही मोठी वेल. आपल्या देशातल्या सगळ्यात मोठ्या वेलींमध्ये तिची गणती होते. जुन्या माहुलाचं खोड माणसाच्या मांडीएवढं जाड होतं. येनाच्या, मोहाच्या शेंड्यापर्यंत चढते आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. पान एवढं मोठं की चांगलं पान ताटाएवढं भरतं. उन्हाळ्यात पांढरट फुलांचे घोस येतात, मग वीतभर किंवा त्याहून लांब शेंगा लागतात. शेंगेवर तपकिरी मऊ लव असते. शेंगा वाळल्या की उन्हात फट्‌ आवाज करून फुटतात आणि बिया लांब उडतात. लहानपणी गुरं चारताना तो आवाज ऐकून आम्ही बिया शोधायला धावायचो. भाजून खायचो.

शाळेच्या पुस्तकाप्रमाणे ही शेंगावाल्या वनस्पतींच्या कुळातली. आपला आपटा आणि कांचन यांची ही सख्खी नातेवाईक. तिघांचं पान पाहा, मधोमध चिरलेलं, बैलाच्या खुरासारखं दोन पाळ्यांचं. या सगळ्यांच्या गणाला शास्त्रज्ञांनी बाउहिनिया नाव दिलं. बाउहिन आडनावाचे दोन भाऊ होते, दोघेही वनस्पतींचे अभ्यासक, म्हणून दोन पाळ्यांच्या पानाला त्या दोघा भावांचं नाव. आता शास्त्रज्ञांनी यातल्या चढणाऱ्या वेली वेगळ्या काढून त्यांचा फानेरा नावाचा वेगळा गण केला आहे. माहुल त्या गणात येते. नाव काही का असेना, दसऱ्याला सगळा महाराष्ट्र आपट्याचं पान सोनं म्हणून वाटतो. त्याच घरातली माहुल मात्र जंगलाच्या कागदात कापून टाकायची वस्तू म्हणून लिहिलेली असते.

आपल्याकडे माहुलाचा उपयोग काय? पत्रावळी आणि द्रोण, हे पहिलं. लग्न असो, नामकरण असो, पेनाची पूजा असो, मरणाचं जेवण असो, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचलेली माहुलाची पत्रावळ हवीच. पळसाच्या पत्रावळीला पानं जास्त लागतात. माहुलाच्या दोन-चार पानांत काम होतं, आणि पातळ भाजी वाढली तरी खाली गळत नाही. दुसरं, दोर. सालीचे पट्टे सोलायचे, भिजवायचे, कुटायचे आणि वळायचे. छपराचे वासे बांधायला, खाट विणायला, बैलाला बांधायला हा दोर चालतो. तिसरं, पान पावसात डोक्यावर घ्यायला, टोपलीत खाली अंथरायला, बियाणं बांधून ठेवायला. चौथं, शेळ्या-गुरांना चारा. पाचवं, बी खायला.

हे फक्त आपल्याच जिल्ह्यात आहे असं नाही. बस्तरमध्ये आपलेच गोंड लोक हिला सियाडी म्हणतात, ओडिशात सियाली म्हणतात आणि तिथल्या बायका या पानांच्या पत्रावळ्या शिवून बाजारात विकतात. झारखंडमध्ये बिरहोर नावाचे आदिवासी आहेत. त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदाच या वेलींच्या सालीचे दोर वळून बाजारात विकायचा. वेल गेली तर त्यांच्या हातातला धंदाच गेला.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. घरी बसून काय करायचं म्हणून मी कूपातल्या कामावर गेलो. काम होतं वेल तोडणीचं. आठ दिवस होतो. मुकादमानं सांगितलं, झाडावर चढलेला कोणताही वेल दिसला की जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर कापायचा, पुन्हा खाली एकदा कापायचा आणि मधला तुकडा काढून टाकायचा. कुऱ्हाड माझी होती. पहिल्या दिवशी लहान-सहान वेली कापल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही नाल्याजवळ पोचलो. तिथे एक माहुल होती, दोन येनांवर चढलेली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. माझी माय आणि तिच्या बरोबरीच्या बायका पावसाळा संपला की तिथूनच पानं आणायच्या. लहान असताना मी तिच्या लोंबलेल्या फांदीवर झोका घेतला होता.

मी थांबलो नाही. मुकादम मागे उभा होता आणि मला रोजी पाहिजे होती. दोघांनी मिळून कापली. वेल खाली पडली नाही. वर तशीच लटकत राहिली, हिरवीगार. वाटलं, काही झालंच नाही. शेवटच्या दिवशी परत तिथून आलो तेव्हा वरची सगळी पानं सुकून खाली मान घालून होती.

त्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न होतं. माय पानं आणायला नाल्यावर गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. मला म्हणाली, "तो नाल्यावरचा येल तू कापलास का रे?"

मी म्हटलं, "कामावर होतो माय. सांगितलं ते कापलं."

ती म्हणाली, "सांगनाऱ्याले मालूम नव्हता. तुले तं मालूम होता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. लग्नाला आठवडी बाजारातून थर्माकोलच्या पत्रावळ्या आणल्या. माझी आठ दिवसांची रोजी त्यातच गेली. म्हणजे मी रोजी घेऊन वेल कापली आणि तीच रोजी देऊन पत्रावळ विकत आणली. जेवणं झाल्यावर त्या पत्रावळ्या गावाच्या मागच्या खड्ड्यात टाकल्या. त्या अजून तिथेच आहेत. माहुलाच्या पत्रावळी असत्या तर गुरांनी खाल्ल्या असत्या, नाही तर एका पावसात माती झाल्या असत्या.

आता प्रश्न असा, की माहुल कापायला सांगतात तरी का? याचं उत्तर समजून घेतलं पाहिजे, नुसत्या शिव्या देऊन चालणार नाही.

इंग्रजांनी 1865 मध्ये जंगलाचा पहिला कायदा केला, मग 1878 मध्ये दुसरा आणि 1927 मध्ये भारतीय वन अधिनियम. त्यांना जंगलातून इमारती लाकूड पाहिजे होतं, रेल्वेला, जहाजांना, बांधकामाला. म्हणून जंगल म्हणजे लाकडाचं शेत, असा हिशेब झाला. शेतात धान लावलं की बाकी उगवतं ते तण. तसंच त्यांच्या जंगलात सागवान आणि साल म्हणजे पीक, आणि वेल म्हणजे तण. वेल झाडाला विळखा घालते, शेंडा वाकवते, त्यामुळे लाकूड सरळ मिळत नाही, असं त्यांच्या शास्त्रात लिहिलं. जंगलाचा जो कार्य आयोजना म्हणून मोठा कागद असतो, त्यात कूप तोडल्यावर साफसफाईच्या कामांत वेल तोडणी लिहिली जाऊ लागली. इंग्रज गेले, पण तो रकाना कागदात राहिला.

पण गंमत पाहा. त्याच 1927 च्या कायद्यात कलम 2 मध्ये वनोपज म्हणजे काय ते लिहिलं आहे. झाडं, पानं, फुलं, फळं हे तर आहेच. पुढे लिहिलं आहे की जंगलात असलेल्या, झाड नसलेल्या वनस्पती, म्हणजे गवत, वेली, बोरू, शेवाळ, आणि त्यांचे सगळे भाग हे सुद्धा वनोपज. आणि राखीव जंगलातून वनोपज नेणं हा कलम 26 खाली गुन्हा. म्हणजे माझ्या मायने माहुलाची पानं आणली, तर ती सरकारी मालमत्ता आणि माय गुन्हेगार. माझ्या हातून रोजी देऊन अख्खी वेल कापली, तर ते जंगलाचं काम! पान नेलं तर चोरी आणि वेल मारली तर मजुरी. कोणत्या न्यायात हे बसतं?

याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. जंगलात काय कामाचं आणि काय बिनकामाचं हे कोण ठरवणार? जो लाकूड मोजतो तो ठरवेल तर माहुल तण आहे. जी बाई पत्रावळ टाचते ती ठरवेल तर माहुल जंगलातलं मोठं धन आहे. आजपर्यंत त्या बाईला कोणी विचारलं नाही. ती जंगलात जाते, पण जंगलाच्या कागदात ती नाही.

साथींनो, हे आता बदललं आहे. निदान कायद्यात तरी बदललं आहे.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यायला सांगितलं. आपला धानोरा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. नंतर 2006 चा वनहक्क कायदा आला. त्याच्या कलम 2 मध्ये गौण वनोपजाची व्याख्या आहे. वनस्पतीपासून मिळणारं, इमारती लाकूड सोडून सगळं वनोपज त्यात येतं. बांबू, तेंदू, मोहाबरोबर माहुलाचं पान, साल, शेंग हे सगळं त्यात आलं. कलम 3(1)(ग) प्रमाणे परंपरेने गोळा करत आलेल्या गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आपला. कलम 3(1)(झ) प्रमाणे आपण परंपरेने राखत आलेल्या सामूहिक वनाचं रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क आपला. आणि कलम 5 प्रमाणे जंगलाला, जंगली जनावरांना, जैवविविधतेला बाधा आणणारं काम थांबवायचा ग्रामसभेला अधिकार.

2012 मध्ये नियम सुधारले. त्यात लिहिलं आहे की ग्रामसभेची समिती सामूहिक वनाची व्यवस्थापन योजना बनवेल आणि खात्याची जी कार्य आयोजना आहे तिच्याशी ती जोडताना गरज वाटेल तसे बदल करेल. हे वाक्य दोनदा वाचा. वेल तोडणीचा रकाना आपण बदलू शकतो. त्याच नियमांप्रमाणे गौण वनोपज बाहेर न्यायचा परवाना सुद्धा ग्रामसभेने नेमलेली समिती देते.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. आपल्याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात हा हक्क सगळ्यात आधी मिळवणाऱ्या गावांत ते आहे. तरी बांबू विकायच्या परवान्यासाठी त्यांना भांडावं लागलं, आणि 2011 मध्ये वाहतूक पासाचं पुस्तक केंद्राच्या मंत्र्याच्या हातून ग्रामसभेच्या हातात आलं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आपण मोर्चात देतो. पण सरकार म्हणजे नुसती घोषणा नाही. आपल्या जंगलात आज कोणती कुऱ्हाड कशावर पडते हे माहीत असणं म्हणजे सरकार. आमच्या गावाला पट्टा मिळाला आहे, तरी वेल तोडणीचं काम निघाल्याचं ग्रामसभेला निरोप्याकडून कळलं. यात चूक एकट्या त्यांची नाही. आमच्या व्यवस्थापन योजनेत आम्ही बांबू लिहिला, तेंदू लिहिला, मोह, चार, हिरडा लिहिला. माहुल लिहिलीच नाही. ती योजना लिहायला मीही बसलो होतो.

आता आपल्याच लोकांचे काही प्रश्न आहेत, तेही घेतो.

पहिला प्रश्न, रोजी बुडेल त्याचं काय? हा खरा प्रश्न आहे. मीही त्या रोजीसाठीच गेलो होतो. भुकेल्या माणसाला वेलीचं महत्त्व सांगून पोट भरत नाही. पण रोजी फक्त वेल कापूनच मिळते असं थोडंच आहे? महाराष्ट्रात 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, देशात 2005 मध्ये झाला. काम मागायचा हक्क आपला आहे. कोणतं काम पाहिजे ते ग्रामसभा सुचवू शकते. नाल्यावर दगडी बांध, जंगलात जाळरेषा, बोडीचं खोलीकरण, मोहाची रोपं लावणं. जंगल वाढवून रोजी मिळत असेल तर जंगल मारून कशाला घ्यायची? मागणी अर्ज भरायला मात्र आपण आळस करतो, हे मान्य करू या. आणि माहुल जिवंत राहिली तर पानाचीही रोजी आहे. फक्त ती बायकांच्या हातात येते आणि थोडी थोडी येते, म्हणून आपण पुरुष तिला रोजी म्हणत नाही.

दुसरा प्रश्न, वेलीनं झाड खराब होतं हे खोटं आहे का? नाही, खोटं नाही. कोवळ्या झाडावर माहुल चढली तर झाड वाकतं, कधी मोडतं. आपले म्हातारे सुद्धा मोहावर चढलेली माहुल काढून टाकायचे, कारण मोह कमी पडायचा. म्हणजे वेल कापायचीच नाही असं मी म्हणत नाही. कोणती कापायची, कुठे कापायची, किती ठेवायची, हे पाहून ठरवायला पाहिजे. नाल्याकाठच्या जुन्या येनावर साठ वर्षांपासून चढलेली वेल आणि कोवळ्या सागावर कालपरवा चढलेली वेल, दोन्हींना एकच कुऱ्हाड, हे काही शहाणपण नाही. जंगलात माहुल वर एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, तीच वाट माकडाची आणि खारीची असते. तिच्या फुलावर माश्या येतात. लाकूड मोजणाऱ्या टेपने हे मोजता येत नाही.

तिसरा प्रश्न तरुण पोरं विचारतात, आता कोण पत्रावळीवर जेवतं? बाजारात पाहिजे तेवढ्या प्लेटा मिळतात. पोरांनो, शहरातले लोक आता उलटे फिरायला लागले आहेत. थर्माकोल नको, प्लास्टिक नको, पानाची प्लेट द्या, असं म्हणतात. ओडिशाच्या बायका जी पानं शिवतात ती व्यापारी घेतोच आहे ना? ज्या दिवशी आपल्याकडे मागणी येईल त्या दिवशी आपल्या जंगलात माहुल नसेल तर काय उपयोग? आणि बाजार नसला तरी पेनाच्या पूजेला थर्माकोल चालतो का, हे आपापल्या घरच्या बुढीला विचारा.

चौथी गोष्ट प्रश्न नाही, आपली चूक आहे. माहुल फक्त कामावरच्या कुऱ्हाडीनेच कमी झाली असं नाही. पानं लवकर मिळावीत म्हणून आपणही फांद्याच्या फांद्या ओढून तोडतो. दोरासाठी साल काढायची तर एक फांदी पुरते, आपण मुख्य खोड सोलतो. शेंगा सगळ्या काढून आणतो, बी जंगलात पडायला एक ठेवत नाही. आधीच्या लोकांचे नियम होते, आपण ते सोडले. दुसऱ्याला तण म्हणू नका म्हणायचं आणि आपण तणासारखं वागवायचं, हे बरोबर नाही.

म्हणून मी आमच्या ग्रामसभेत पुढच्या बैठकीला काही गोष्टी मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात मांडा, पटतील त्या घ्या, नाही पटल्या तर बदला.

1) आपल्या सामूहिक वनात कोणतंही वेल तोडणीचं काम ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सुरू होणार नाही, असा लेखी ठराव करायचा. ठरावाची प्रत खात्याला द्यायची आणि पोच घ्यायची. पोच नसलेला कागद म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं पान.

2) काम करायचंच असेल तर आधी गावातल्या पानं आणणाऱ्या बायकांनी जंगल फिरून कोणत्या वेली ठेवायच्या ते ठरवायचं. त्या वेलींच्या झाडाला चुन्याची खूण करायची. खूण असलेली वेल कोणी कापणार नाही. निवड समितीच्या पुरुषांनी करायची नाही, कारण आमच्यातल्या अर्ध्यांना माहुल कुठे आहे तेच माहीत नाही.

3) व्यवस्थापन योजनेत माहुलाचं नाव लिहायचं. ज्या गावांचे दावे अजून बाकी आहेत त्यांनी सामूहिक दाव्याच्या अर्जात गौण वनोपजाच्या यादीत माहुलाचं पान, साल, बी असं वेगवेगळं लिहायचं. "इत्यादी" या शब्दावर भरवसा ठेवू नका. इत्यादीत टाकलेली वस्तू नंतर नाही म्हणायला सोपी असते.

4) आपल्यासाठीही नियम. पावसाळा संपून पान पक्कं झाल्याशिवाय तोडायचं नाही. मुख्य खोडाला कुऱ्हाड लावायची नाही, तिथली साल काढायची नाही. प्रत्येक वेलीवर काही पानं आणि काही शेंगा ठेवायच्या. किती ठेवायच्या ते गावाने ठरवावं. मोडेल त्याला ग्रामसभेचा दंड, तो कार्यकर्ता असला तरी.

5) गावातल्या सामूहिक जेवणात एक वर्ष पत्रावळच वापरून पाहायची. ज्या घरात लग्न असेल त्या घराला सगळ्यांनी मिळून पानं आणून द्यायची, जशी आधी द्यायचे. एकट्या घराने आणायची म्हटली तर जमत नाही, म्हणूनच लोक बाजारात जातात.

काही साथी म्हणतील, पट्ट्यांसाठी भांडायचं सोडून हा वेलीचं काय घेऊन बसला? मला तर वाटतं हे पट्ट्याचंच भांडण आहे. पट्टा मिळाला म्हणजे कागद मिळाला. त्या कागदाच्या आतल्या जंगलात काय जगेल आणि काय मरेल हे दुसऱ्यानेच ठरवलं, तर आपण आपल्याच जंगलात रोजीवरचे मजूर राहू. मी आठ दिवस तसाच मजूर होतो. माझीच कुऱ्हाड, माझंच जंगल, माझ्याच मायचा वेल, आणि हुकूम दुसऱ्याचा.

शेवटी एक चांगली बातमी. माहुल चिवट असते. म्हणून तर कापणारे म्हणतात की एकदा कापून भागत नाही, परत परत कापावं लागतं. मागच्या पावसाळ्यात मी नाल्यावर गेलो होतो. आम्ही कापलेल्या त्या खोडाच्या बुंध्यातून फुटवे निघाले आहेत. दोन चांगले जाड झाले आहेत आणि बाजूच्या येनावर चढायला लागले आहेत. घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम हाये. मी काट्या लावून ठेवल्या हाव तिथं, गुरं खाऊ नये म्हनून."

वेल तोडणीचं काम लवकरच निघणार आहे. कूपाच्या त्या रांगेत तो नाला येतो. त्याआधी आमच्या ग्रामसभेची बैठक आहे, आणि त्या बैठकीला मी मायला आणि त्या बुढी मायला सोबत घेऊन जाणार आहे. तुमच्या गावात कोणता नाला आहे, त्यावर कोणती वेल आहे, कोणाला माहीत आहे, ते आजच विचारा. आणि जे कळेल ते या बुलेटिनाला लिहून पाठवा.

जय सेवा! जय जोहार!

— तुमचाच एक साथी, धानोरा भाग